साता समुद्रापलीकडचा घटस्फोट



अमेरिकेतल्या कोर्टाचं जाडजूड पाकीट एक दिवस साताऱ्यातल्या नाहीतर नाशिकमधल्या घरी येऊन पडतं. नवऱ्यानं तिकडे घटस्फोटाचा अर्ज केलेला असतो आणि उत्तराला मुदत थोडी असते. घरातले म्हणतात, ‘तिकडचं कोर्ट, आपल्याला काय त्याचं? ठेवून दे कपाटात.’ शेजारचे म्हणतात, ‘सही करून मोकळी हो.’ या दोन्ही सल्ल्यांनी मुलींचं फार नुकसान झालं आहे.

अशाच एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ९ जुलै १९९१ रोजी एक निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. त्यातल्या जोडप्याचं लग्न १९७५मध्ये तिरुपतीला, हिंदू पद्धतीनं झालं होतं. नवरा अमेरिकेत होता. त्यानं आधी तिरुपतीच्याच कोर्टात अर्ज केला आणि त्यात पत्ता दिला लुइझियानाचा. मग तो मिसुरीच्या कोर्टात गेला आणि ‘मी इथं नव्वद दिवस राहिलो आहे’ असं सांगितलं. बायको तिकडे गेली नाही, पण गप्पही बसली नाही. या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही, असं तिनं लेखी कळवलं. तरी घटस्फोट मंजूर झाला, आणि १९८१मध्ये नवऱ्यानं इथे येऊन दुसरं लग्न केलं. तिनं फिर्याद ठोकली. नवऱ्याकडे पुरावा काय, तर अमेरिकी हुकूमनाम्याची झेरॉक्स!

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३चा आधार घेऊन न्यायालयानं सांगितलं, की लग्न ज्या कायद्याखाली झालं त्याच कायद्यानं परदेशी कोर्टाचा अधिकारही तपासायचा आणि घटस्फोटाचं कारणही. ‘संसार मोडला, आता जुळणं नाही’ हे कारण मिसुरीत चालतं. हिंदू विवाह कायद्यात ते तेव्हाही नव्हतं, आजही नाही; म्हणून तो घटस्फोट इथे टिकला नाही. सर्वोच्च न्यायालय घटनेच्या अनुच्छेद १४२खाली तेवढ्यावर घटस्फोट देऊ शकतं. कुटुंब न्यायालयाला ती मुभा नाही. मला हा निकाल मोठा वाटतो, कारण विमानाचं तिकीट आणि डॉलरमधला वकील ज्याला परवडतो त्यानंच कोर्ट निवडायचं, ही रीत त्यानं मोडली.

पण याच निकालात अपवाद आहेत, आणि मुली फसतात त्या तिथेच. तुम्ही स्वतः तिकडे कायमच्या राहत असाल आणि कारण आपल्या कायद्यात बसत असेल, तर तो हुकूमनामा इथेही चालतो. आपणहून हजर राहून, आपल्या कायद्यातल्या कारणावर दावा लढवलात, तरी चालतो. आणि संमती दिलीत, तर कोर्टाला मुळात अधिकार नव्हता ही तक्रारच उरत नाही. म्हणून समजल्याशिवाय सही नको. पाकिटावरची तारीख जपा, वकील गाठा, आणि अधिकार अमान्य असेल तर मुदतीत तसं लेखी कळवा.

मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. मूल परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारावर भारताची सही नाही. इथली कोर्टं मुलाचं हित पाहून प्रत्येक प्रकरण वेगळं ठरवतात.

दोघांनाही खरोखरच वेगळं व्हायचं असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली इथेच संमतीनं अर्ज करता येतो. परदेशातल्या जोडीदाराचं म्हणणं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर नोंदवू द्यायला सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्येच मोकळीक दिली आहे.