गेलेल्यांची आठवण कशी धरावी

विणेकरी, चोपदार, टाळकरी, मृदंगवादक आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-माउल्यांनो,

दिंडीच्या शंभराव्या वर्षी गेलेल्यांच्या आठवणीवर चार शब्द बोला, असं मला सांगितलं. काही जुनी मंडळी म्हणाली, "महाराज, नारदाच्या गादीवरून संतांची नावं घ्यावी. पोलीस आणि पुढारी कशाला?" शंका रास्त आहे. उत्तर आपल्या संप्रदायातच आहे.

कार्तिक वद्य त्रयोदशीला आपण आळंदीला असतो, बीजेला देहूला. संतांचा जाण्याचा दिवस आपण कधी चुकवत नाही. आता चोखोबाराय कसे गेले ते आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. भिंत कोसळली, मजूर खाली गाडले गेले, त्यात चोखोबा. म्हंजे कामावर असतानाच गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी हुडकल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी केली. कामावर मेलेल्या मजुराला देवाच्या दारात जागा देणारा आपला संप्रदाय आहे बरं का!

मग सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे परके कसे? आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसात. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. हातात फक्त काठी. समोर कसाबची बंदूक. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून बाकीचे पोलीस वाचले आणि कसाब जिवंत सापडला. सरकारनं मागाहून अशोकचक्र दिलं. त्याच रात्री करकरेसाहेब, कामटेसाहेब, साळसकरसाहेब गेले. आणखीही शिपाई गेले, त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत.

देशात 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळतात. 1959 साली लडाखात हॉट स्प्रिंग इथं चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा जवान पडले, त्यांचा तो दिवस. वारीत ऊन-पावसात आपल्यासाठी रस्ता अडवून उभा राहतो, तो ह्यांचाच भाऊबंद.

आता पुढारी. गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 ला गेले. पुढं तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री झाले, तेव्हा बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं. गावोगाव माणसं खराटा घेऊन रस्त्यावर उतरली. बाबांची ती खरी पुण्यतिथी झाली. 16 फेब्रुवारी 2015 ला आबाही गेले. आता त्यांची आठवण करायची तर पहिला खराटा कोण उचलणार?

पुढाऱ्याचं सगळंच गोड सांगावं, असं माझं म्हणणं नाही. जेवढं केलं तेवढं सांगावं, पदरचं घालू नये. आणि गेलेल्या माणसाची पार्टी विचारू नये. ज्याच्याशी बांधावरनं भांडलो, त्याच्याही मातीला आपण जातोच की.

पण हल्ली काय होतं? माणूस गेला की चौकात फलक लागतो. गेलेल्याचा फोटो एक, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे वीस! दुसरा गट त्याच्यापेक्षा मोठा लावतो. मग दोन्ही गट एका पंगतीला बसत नाहीत. दिंडी ह्याच्यानं फुटते, मंडळी. शंभर वर्षं एका विण्यामागं चाललो ते असं मोडायला नव्हे.

म्हणून माझी दिंडीला विनंती आहे. तळावर कुणाचाच फलक नको. गावचा शिपाई असो, जवान असो, सरपंच नाहीतर आमदार असो, ज्याची तिथी त्या सांजेला हरिपाठ झाल्यावर त्याचं नाव एकदा घ्यावं. त्यानं केलेलं एक काम सांगावं. घरची माउली आली असेल तर तिला पुढं बसवावं. फलकाचे पैसे त्या दिवशीच्या अन्नदानाला द्यावेत. एवढं जमलं तर पुढच्या शंभर वर्षांतल्या पोरांना कोण कशासाठी गेलं ते कळेल.

रामकृष्ण हरी.