कष्टाचे हात आणि कृत्रिम नखें

कागलच्या बाजारांत घटकाभर उभें राहून नुसत्या हातांकडे पाहिलें, तरी गांवाची निम्मी हकीकत कळून येते. उसाच्या पात्यांनीं ओरखडलेले हात, गोठ्यांतल्या कामानें राठ झालेले हात, औद्योगिक वसाहतींतली पाळी संपवून परतणारे हात. आनंद यादव यांची 'झोंबी' ज्यांनीं वाचली आहे, त्यांना ह्या गांवांतले हात किती लहानपणीं कामाला जुंपले जात, हें निराळें सांगावयास नको. त्याच गांवांत आतां लग्नसराई आली कीं ह्या हातांच्या टोकांना लांबट, गुलाबी, चकचकीत नखें दिसूं लागतात. तीं निसर्गानें दिलेलीं नसतात. पार्लरमध्यें दीड-दोन तास बसून तीं बसवून घेतलेलीं असतात.

ह्याला कोणी नाक मुरडील. परंतु कष्ट करणाऱ्या स्त्रीनें नटूं नये, असा दंडक कोणीं घातला? कांचेची बांगडीहि कामाच्या हातांतच असते आणि कामांतच फुटते; मराठी घरांत ती फुटली असें म्हणत नाहींत, 'वाढली' म्हणतात. नखाची गोष्ट मात्र उलटी आहे. त्याचें खरें दुखणें तें वाढतें म्हणूनच सुरू होतें.

एक नेहमीं घडणारा प्रसंग घ्यावा. सोमवारीं लग्न, म्हणून नवरी शुक्रवारीं नखें बसवून घेते. शनिवारीं मेंदी, रविवारीं हळद. बुधवारीं नव्या घरांत भाकरी थापतांना अंगठ्याच्या नखाची मागची कड सुटलेली तिच्या ध्यानांत येते. पार्लरच्या भाषेंत ह्यालाच 'लिफ्टिंग' म्हणतात. दुसऱ्या दिवशीं घागर उचलतांना तर्जनीचें नख मधोमध मोडतें. मग फोन जातो, आणि "माल हलका वापरला" असा आरोप होतो. घरच्याच एका खोलींत टेबल आणि दिवा मांडून बसलेल्या मुलीला हा आरोप जड जातो. कारण लहान गांवांत एका नखाची बातमी दहा घरीं पोंचते, आणि त्या दहा घरांवरच तिची कमाई अवलंबून असते.

आरोप क्वचित् खरा असतो. बहुधा दोष मालाचा नसतो, माल बसविण्यापूर्वींच्या पंधरा मिनिटांचा असतो. नखाच्या मुळाशीं त्वचेचा एक अतिशय पातळ, मृत पापुद्रा नखाच्या पृष्ठभागाला चिकटून पुढें सरकत असतो. तो डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. तो न काढतां वर ॲक्रिलिक किंवा जेल चढविलें, तर तें नखाला चिकटतच नाहीं. चिकटतें तें त्या पापुद्र्याला. पापुद्रा सुटला कीं वरचें सर्व त्याच्याबरोबर सुटतें. मातीच्या भिंतीवरचा पोपडा न खरवडतां चुना दिला, तर त्याची जी गत होते तीच ही.

दुसरा शत्रु तेल. सकाळीं केसांना तेल चोळून आलेल्या बाईच्या बोटांवर तें असतेंच. मेंदीच्या हाताला निलगिरीचें तेल लावतात, हळदहि पुष्कळ ठिकाणीं तेलांत कालवतात. आणि हळद फिक्या रंगाच्या जेलवर असा पिवळा डाग पाडते कीं तो सहजीं निघत नाहीं. म्हणून अनुभवी कारागीर नवरीला हळदीच्या आधीं बसवीतच नाहीं. हळद उतरल्यावर हात साबणानें धुवून, पूर्ण कोरडे करून, मगच ती काम हातीं घेते. नखें पाण्यांत भिजवून मऊ करण्याची जुनी पद्धत येथें घातक ठरते. नख हें केराटिनचें, थरावर थर असलेलें असतें. तें पाणी पितें, किंचित् फुगतें आणि वाळतांना पुन्हां आकसतें. त्यावरचें कृत्रिम कवच तसें फुगत-आकसत नाहीं. ह्या ओढाताणींत सांधा ढिला होतो. दिवसांतून पांच वेळां भांडीं घासणाऱ्या हाताला ही ओढाताण पांच वेळां सोसावी लागते, आणि म्हणूनच रबरी हातमोज्यांची एक जोडी महागड्या प्रायमरच्या बाटलीहून अधिक उपयोगीं पडते.

तिसरी चूक घाईची. जेल किंवा ॲक्रिलिक भोंवतालच्या त्वचेवर सांडलें आणि तसेंच घट्ट झालें, तर कड तेथून हमखास उचलते. पण हा दोष केवळ टिकाऊपणाचा नाहीं. न सुकलेलें रसायन वारंवार त्वचेला लागत राहिलें, तर ॲक्रिलेटची ॲलर्जी जडूं शकते. आणि ती एकदां जडली कीं सहसा जन्मभर जात नाहीं. पुढें दांतांत भरावयाच्या मसाल्यापासूनहि अशा माणसास त्रास होण्याचा संभव राहतो. हा धोका गिऱ्हाइकाइतकाच, किंबहुना अधिक, रोज तें काम करणाऱ्या मुलीला असतो.

आतां मोडण्याविषयीं. पहारीनें दगड हलवितांना पहार जितकी लांब तितका जोर अधिक, हें शेतकऱ्याच्या मुलास शिकवावें लागत नाहीं. लांब नख ही अशीच पहार आहे. टोकाला लागलेला धक्का मुळाशीं कैक पटींनीं पोंचतो. बोटाचें मांस जेथें संपतें आणि नख मोकळें होतें, त्या रेषेवर सर्वांत अधिक ताण येतो. म्हणून कवचाची सर्वाधिक जाडी त्या रेषेच्या किंचित् मागें असावी, आणि तेथून मुळाकडे व टोकाकडे ती उतरत जावी. मुळाशींच जाड थर दिला तर कड सुटते; सगळीकडे सारखाच पातळ दिला तर मध्येंच मोडतें. काम करणाऱ्या हाताला बोटाच्या पुढें दोन-तीन मिलिमीटर पुष्कळ झाले. चौकोनी टोकाचे कोपरे पदरांत, दोऱ्यांत अडकतात. सुईसारखें टोक स्वतःच दुबळें असतें. गोलसर टोक दिसावयास साधें, पण टिकावयास उत्तम. नखांनीं डब्याचीं झांकणें उचकटण्याची सवय मात्र कोणत्याहि कारागिराच्या हातून सुधारण्यासारखी नाहीं.

येथें एक प्रश्न उद्भवतो. मुळीं न मोडणारेंच नख कां करूं नये? ह्याचें उत्तर ह्या धंद्याच्या इतिहासांतच आहे. १९५४ सालीं फ्रेडरिक स्लॅक नांवाच्या अमेरिकन दंतवैद्याचें नख मोडलें, आणि त्यानें दांतांसाठीं वापरावयाच्या ॲक्रिलिकनें तें सांधलें, असें सांगितलें जातें. ह्या कामांत पुढें मिथाइल मेथॅक्रिलेट नांवाचें द्रव्य फार वापरलें जाऊं लागलें. तें स्वस्त होतें, आणि त्याचें नख दगडासारखें टणक होई. परंतु तें मोडत नसे, म्हणूनच धक्का बसला कीं खालचें खरें नख मुळापासून उपटून निघे. नखांना व त्वचेला इजा झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९७० नंतरच्या दशकांत ह्या द्रव्याविरुद्ध कारवाई केली. तेव्हां कृत्रिम नख बेताच्या धक्क्यानें मोडूं नये हें खरें; पण मोठ्या धक्क्याला आधीं तेंच मोडावें, खालचें नव्हे. बिनलेबलाची, उग्र वासाची स्वस्त बाटली विकत घेतांना ही गोष्ट आठवली तर बरें. युरोपीय संघानेंहि १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधील टीपीओ नांवाच्या एका घटकावर बंदी घातली आहे. तेव्हां बाटलीवरील घटक वाचण्याची संवय आतां लावून घ्यावीच लागेल.

सुटलेल्या कडेचें काय करावें? घरोघरीं होतें तें असें, कीं झटपट चिकटणारा गोंद घालून ती दाबून टाकावयाची. ह्याहून वाईट उपाय नाहीं. कडेखालीं पाणी शिरलेलें असतें, आणि त्या ओलाव्यांत जंतु वाढून नखावर हिरवट डाग पडतो. तो डाग वरून रंग देऊन झांकणारी कारागीर गिऱ्हाइकाचा आणि स्वतःच्या नांवाचा, दोघांचाहि घात करते. सुटलेला भाग कानशीनें हलक्या हातानें काढून टाकावा. डाग, वेदना किंवा सूज दिसल्यास सगळें उतरवून डॉक्टरकडे पाठवावें. उतरवितांनाहि उचकटून नव्हे, ॲसिटोनमध्यें भिजवून, वेळ देऊन. ओढून काढलेल्या कवचाबरोबर नखाचे थर निघून येतात, आणि मग "जेलनें नखें कागदासारखीं झालीं" असा बोल जेलला लागतो.

कांहीं हातांना नाहींच म्हणावें लागतें. रोज धार काढणाऱ्या बाईच्या लांब नखांनीं जनावराच्या सडाला जखम होते. रुग्णालयांतल्या परिचारिकेनें कृत्रिम नखें वापरूं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनांत स्पष्ट आहे, कारण त्यांच्याखालीं जंतु राहतात. अशा गिऱ्हाइकाचे पैसे न घेतां नुसतीं नखें घासून, आकार देऊन परत पाठविणारी मुलगी त्या दिवशीं तोट्यांत जाते खरी. पण मोडलेल्या नखाची तक्रार घेऊन तें गिऱ्हाईक आठवड्यानें तिच्या दारीं येत नाहीं.

बोटाचें नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें. कृत्रिम कवच त्याबरोबर पुढें सरकतें, मुळाशीं उघडी पट्टी दिसूं लागते, आणि जाडीचा उंचवटा ताणाच्या रेषेपुढें निघून जातो. पहिल्या दिवशीं अचूक बसविलेलें नखहि चौथ्या आठवड्यांत म्हणूनच मोडतें. दोन-तीन आठवड्यांनीं भरणीसाठीं यावयास हवें, हें पैसे घेतांनाच सांगावें. भरणीचा खर्च झेपणार नसेल, तर लग्नाचा आठवडा झाल्यावर सगळें उतरवून घेण्याचा दिवस त्याच वेळीं वहींत लिहून ठेवावा.