माळ्यावरची दुर्बीण



काल या व्यासपीठावरून लोकशाहीचा विचार झाला, उद्या संतवाङ्मयाचा व्हायचा आहे. मधल्या दिवशी माझ्यासारख्या नळीतून आभाळ पाहणाऱ्या माणसाला चिटणिसांनी का उभे केले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक! पण विश्वाच्या उत्पत्तीवर मी बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला बोलायचे आहे ते माळ्यावर पडलेल्या दुर्बिणींविषयी. अशा दुर्बिणी मी बऱ्याच घरांत पाहिल्या आहेत आणि पहिली पाहिली ती माझ्याच घरात.

माझा भाचा तेव्हा आठवीत होता. त्याच्यासाठी मी एक दुर्बीण विकत आणली. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र होते आणि ठळक आकड्यांत ‘५२५ पट’ असे छापलेले होते. त्या आकड्यावर मी भाळलो. रात्री गच्चीवर तिचे तीन काटकुळे पाय उभे केले आणि सर्वांत जास्त पट देणारे भिंग लावून गुरूकडे रोखली. अर्धा तास खटपट केल्यावर एक पांढरा, थरथरणारा गोळा दिसला आणि दिसला न दिसला तोच निघून गेला. भाच्याने डोळा लावला, काढला आणि म्हणाला, “मामा, एवढंच?” आठवड्याने दुर्बीण माळ्यावर गेली. दुर्बिणीचे मला फारसे वाटले नाही. पण त्या मुलाने पुढे कित्येक वर्षे आभाळाकडे मान वर केली नाही, याचे वाईट वाटले. चूक त्याची नव्हती.

चूक होती त्या ‘पट’ नावाच्या आकड्यात. पट काढणे अगदी सोपे आहे. मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला डोळ्याजवळच्या भिंगाच्या नाभीय अंतराने भागा. सातशेला सत्तराने भागले की दहा, सातांनी भागले की शंभर. लहान भिंग लावून वाटेल तेवढा आकडा वाढवता येतो. पण प्रकाश वाढत नाही. तो ठरतो मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर. अंधारात आपली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. साठ मिलिमीटरचे भिंग तिच्या सत्तरपटीहून अधिक प्रकाश गोळा करते आणि दीडशे मिलिमीटरचा आरसा त्या भिंगाच्याही सहापट. मूठभर पिठात घागरभर पाणी ओतून भाकरी मोठी होत नाही, तसेच हे. ढोबळ हिशेब असा की, व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे पट नेण्यात अर्थ नाही. साठ मिलिमीटरच्या नळीला एकशेवीस खूप झाले. ५२५ हा आकडा फक्त खोक्यावर शोभतो.

दुसरी गोष्ट पायांची. आपली पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केले होते, ते मला दुर्बिणीत पटले. शंभर पटीने पाहू लागलो की ग्रह दोनएक मिनिटांत दृष्टीच्या वर्तुळातून सरकून बाहेर जातो. त्याच्या मागे नळी हलवायची, तर बैठक दगडासारखी स्थिर आणि लोण्यासारखी मऊ हवी. या बाबतीत जॉन डॉब्सन या गृहस्थाचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. जन्म १९१५ चा, चीनमधला, राहणे अमेरिकेत. १९४४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत साधू म्हणून दाखल झाले. जवळ पैसा नाही, म्हणून जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच घासून आरसा केला, पुठ्ठ्याची नळी घेतली आणि प्लायवूडच्या पेटीत ती अशी बसवली की बोटाने ढकलावी आणि सोडली तिथे राहावी. मठाबाहेर पडून लोकांना आकाश दाखवत हिंडणे मठाच्या शिस्तीत बसेना. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले. आज जगभर त्या धाटणीच्या बैठकीला डॉब्सनचेच नाव आहे. नवशिक्याने पैसे खर्चायचेच, तर अशा पेटीवरच्या चार-सहा इंची आरशावर खर्चावेत, असे माझे मत आहे.

पण खर्चण्यापूर्वी एक वर्ष थांबा, असे मी म्हणेन. दुकानदारांना हे आवडणार नाही. या वर्षभरात नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखायला शिका. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सप्तर्षी डोक्यावर येतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की तांबूस स्वाती आणि त्यापुढे चित्रा सापडते. लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवतात ना? वसिष्ठाशेजारचा तो बारीक तारा स्वतः शोधा. मग सात किंवा दहा पटीची, पन्नास मिलिमीटरची द्विनेत्री घ्या. अमावास्येच्या सुमारास पुष्य नक्षत्रात डोळ्यांना जो पुसट डाग दिसतो, तो तिच्यातून पाहिला की ताऱ्यांचे पोळे होते. गॅलिलिओने १६१० साली तिथे चाळीसहून अधिक तारे पाहिल्याचे लिहिले आहे. वाट ठाऊक असलेल्यालाच दुर्बीण उपयोगी पडते. तिच्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो. तो कुठला, हे तिला सांगता येत नाही. वसिष्ठाकडे ती वळवा, तो एकच तारा दोन होईल. जोडी १६१७ मध्येच ओळखली गेली, तरी आपल्या डोळ्यांपुढे ती फुटते तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि अपेक्षा नीट ठेवा. छापील चित्रांतले तेजोमेघांचे रंग कॅमेऱ्याने दीर्घकाळ प्रकाश साठवून मिळवलेले असतात. आपल्या डोळ्याला ते राखी धुकेच दिसणार. पाहणे हीसुद्धा रियाजाची गोष्ट आहे. खुद्द गॅलिलिओला शनी हे तीन गोळे वाटले. १६१२ मध्ये बाजूचे दोन नाहीसे झाले तेव्हा तो गोंधळला. ती कडी आहे आणि कधीकधी कडेने दिसल्यामुळे लोपते, हे हायगेन्सने १६५९ च्या ग्रंथात उलगडून दाखवले. गॅलिलिओला जमले नाही ते माझ्या भाच्याला पहिल्या रात्री जमावे, ही माझी अपेक्षा!

किरकोळ सूचना भराभर सांगतो. दिवसभर तापलेल्या गच्चीतून रात्री उष्णता वर येते आणि ग्रह पाण्यात पडल्यासारखा हलतो; मातीचे अंगण बरे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे ती हवेइतकी थंड होते. शोधक नळी दिवसाच देवळाच्या कळसावर रोखून जुळवून घ्या. आधी कमीत कमी पटीचे भिंग लावा. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो; पंचमी ते अष्टमीपर्यंत प्रकाश-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या पडतात, तेव्हा पाहा. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, म्हणून ती कोरड्या डब्यात ठेवा.

एक सूचना मात्र किरकोळ नाही. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नका. स्वस्त दुर्बिणीबरोबर डोळ्याच्या भिंगावर बसवायची काळी काच मिळते. ती उष्णतेने तडकते आणि डोळा क्षणात जातो. अशी काच घरी असेल तर आज रात्रीच फोडून टाका.

ती जुनी नळी मी पुढे माळ्यावरून काढली. काटकुळे पाय टाकून दिले, सुताराकडून लाकडी बैठक करून घेतली आणि तीस पटीचे भिंग लावले. त्याच साठ मिलिमीटरमधून गुरूचे चार चंद्र ओळीने दिसले. भाचा तोवर नोकरीला लागला होता. सुटीत आला, एक शब्द न बोलता बराच वेळ डोळा लावून बसला आणि मग म्हणाला, “हे तेव्हा का नाही दाखवलंस?”

आज शुद्ध सप्तमी आहे. चंद्र पश्चिमेला कलला आहे आणि ती नळी बाहेर पटांगणात उभी आहे. आभारप्रदर्शन झाले की तिकडे या. मुलांना पुढे सोडा आणि नळीला हात न लावता डोळा लावा. चिटणीसमहाशय, पटांगणावरचे ते दोन मोठे दिवे तेवढे बंद करायला सांगा.