एक राहून गेलेली गोष्ट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून आपण गोष्टीच सांगतो आहोत. कोण कुंपणावरून उडी मारून पळालं, कोणी कोणाचा डबा फस्त केला. इतक्या वर्षांत प्रत्येक गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलंय. मजा आली. पण एक गोष्ट कोणी काढली नाही. ती मी काढतो, कारण ती पसरवण्यात मीच पुढे होतो.

आठवीत सहलीचे पैसे बाईंच्या टेबलावरून नाहीसे झाले. मधल्या सुट्टीत आपला एक वर्गमित्र वर्गात एकटाच होता. तो गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीतून यायचा. कोणी काही पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "त्यानेच घेतले असणार." शाळा सुटेपर्यंत त्यातलं 'असणार' गळून गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. दोन आठवड्यांनी पैसे हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. ही बातमी मात्र पसरवायला कोणी धावलं नाही. आपण सगळे सहलीला गेलो.

पुढे मानसशास्त्रातला एक प्रयोग वाचला. 1944 साली अमेरिकेत हायडर आणि सिमेल यांनी एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात फक्त दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट. त्रिकोण नि वर्तुळ इकडेतिकडे फिरतात, एवढंच. 34 विद्यार्थिनींच्या गटात जवळपास सगळ्यांनी भांडण, दादागिरी, पाठलाग अशी वर्णनं केली. केवळ आकृत्यांचं वर्णन केलं ते एकीनेच. म्हणजे गोष्ट रचणं हा मनाचा स्वभावच.

पण आमच्या गोष्टीतला चोर कोण, हे कसं ठरलं? 1871 साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पारधीही त्यात आले. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून गेला, गोष्ट राहिली. ती मी ओट्यावर मोठ्यांच्या गप्पांत ऐकली होती. वर्गात मी फक्त तिच्यात एक नाव घातलं.

नोकरीला लागल्यावर लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलं. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मकथन. तसाच शिक्का बसलेल्या समाजातल्या माणसाने स्वतः लिहिलेलं. तेव्हा आपली गोष्ट पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने ऐकू आली. त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

आजच्या निमंत्रितांची यादी दहावीच्या पटावरून केली. त्यामुळे तिच्यात त्याचं नाव नाही. त्याचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर मला सांगा. मी जाऊन भेटेन.

आणि संपादक मंडळाला एक विनंती. स्मरणिकेत जागा कमी पडली तर माझं बाकीचं सगळं कापा, एवढं एक वाक्य ठेवा: पैसे त्याने घेतले नव्हते.