छपराचा ढाळ

वळवाचे ढग जमायला लागले आहेत आणि दिवस शाकारणीचे आहेत. म्हणून आज छपराच्या ढाळाबद्दल बोलायचं ठरवलं.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून म्हसवड सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, पण माण-आटपाडीच्या त्या पट्ट्यात ५०० मिलिमीटर झाला तरी लोक वर्ष चांगलं म्हणतात. छपरं त्याबरोबर बदलत जातात. पूर्वेला माळवद. तुळयांवर फळ्या नाहीतर फांद्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ते सपाट दिसलं तरी पन्हळीकडे थोडा ढाळ दिलेला असतोच. धान्य वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला तीच जागा. पाटण-जावळीकडे गेलात की दुपाखी, चौपाखी घरं लागतात, वळचणी डोक्याला टेकतील इतक्या खाली उतरलेल्या.

ढाळ मोजणं सोपं आहे. २० फूट रुंदीचं घर घ्या. आढं मधोमध, म्हणजे भिंतीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर १० फूट. आढं भिंतीच्या माथ्यापासून ५ फूट उचललं तर ढाळ दोनास एक, साधारण २७ अंश. १० फूट उचललं तर ४५ अंश. पहिल्यात वासा सव्वाअकरा फुटांच्या आत बसतो, दुसऱ्यात १४ फुटांवर जातो. रिपा, कौलं, मजुरी, सगळंच जवळजवळ सव्वापट होतं.

मग ढाळ किती हवा? बहुतेकजण पावसाकडे बोट दाखवतात. माझ्या मते आधी पाहायचं ते छपरावर काय घालणार ते. गवतावर पडलेला थेंब काडीवरून काडीवर घसरत वळचणीला पोचायला हवा, वाटेत मुरता कामा नये. म्हणून गवती छप्पर ४५ अंशांच्या आसपास. कुंभाराच्या नळीच्या कौलाचं उलटं. ते नुसतं मांडलेलं, स्वतःच्या वजनावर बसलेलं असतं. ढाळ फार दिला तर घसरतं. वानरं नाचून गेली की सरकतं, म्हणून तर दरवर्षी शाकारणी.

बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. ते मंगलोरी कौल हातात घेऊन एकदा उलटं करून पाहा. वरच्या कडेशी टाच असते, ती रिपेत अडकते. बाजूला खाच असते, तिच्यात शेजारच्या कौलाची कड बसते. कौल घसरायचं थांबलं आणि सुताराला आढं उंच घेता आलं. पण ढाळ २५ अंशांखाली गेला की वाऱ्याची झड सांध्यांतून पाणी वर ढकलते. घर गळतं आणि बोल मात्र कौलाला लागतो.

पत्र्याला सांधे कमी, त्यामुळे दहास एक ढाळही चालतो. तिथे धोका वाऱ्याचा. कमी ढाळाच्या छपरावरून जाताना वारा ते वर उचलतो. वळवात पत्रे उडतात ते बरेचदा यामुळे. ढाळ वाढवला की वारा भिंतीला रेटतो तसा पाख्याला रेटू लागतो, मग कैची भक्कम लागते.

हल्ली सांगली-मिरजेतल्या बंगल्यांवरही थंड हवेच्या ठिकाणासारखी टोकदार छपरं दिसतात. सांगलीचा पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यासाठी ४५ अंश म्हणजे पैशांचा चुराडा आहे, हे मी स्पष्ट सांगतो. उंच आढ्याखाली गारवा राहतो म्हणतात. राहतो, पण गरम हवा बाहेर पडायला आढ्याशी झरोका ठेवला तरच. मंगलोरी कौल घालायचं असेल तर इथे दोनास एक, फार तर त्याहून थोडा जास्त ढाळ पुरे.

तेव्हा एवढंच करा. कंत्राटदाराला ‘चांगला ढाळ द्या’ असं मोघम सांगू नका. आढं भिंतीच्या माथ्यापासून किती फूट वर येणार, तो आकडा कागदावर लिहून घ्या. आणि ज्यांचं जुनं कौलारू घर आहे त्यांनी मृगाआधी ते शाकारून घ्यावं, शाकारणी येणारी माणसं गावात अजून आहेत तोवर.