बूच आणि फिरकीचे झाकण

दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्यात रीसलिंग या द्राक्षाची पांढरी वाइन करणाऱ्या काही उत्पादकांनी 2000 साली आपला माल, परंपरेचा दंडक मोडून, फिरकीच्या धातूच्या झाकणाखाली बाजारात रवाना केला, तेव्हा जुन्या रसिकांच्या दरबारी तो बेअदबीचा गुन्हा ठरला असल्यास नवल नाही. परंतु खरी फिर्याद होती ती बुचाविरुद्धच. पोर्तुगालमधील ओक वृक्षाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलून घडविलेले हे बूच लवचिक आणि दिसण्यास घरंदाज खरे, तथापि त्यात कधीकधी ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे द्रव्य दडून बसते, आणि त्याचा अत्यल्प अंशही उंची वाइनला ओल्या पुठ्ठ्याची कळा आणतो. शिवाय कोणतीही दोन बुचे प्राणवायूला सारखीच वाट देतील याची हमी नाही. म्हणून एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक दहा वर्षांनी टवटवीत, तर दुसरी तपकिरी व निष्प्राण निघू शकते.

झाकणाचा सारा कारभार धातूकडे नसून आतल्या पातळ चकतीकडे असतो. तीत कथिलाचा थर असल्यास प्राणवायूचा शिरकाव जवळजवळ थांबतो, आणि रीसलिंगचा लिंबासारखा तजेला दीर्घकाळ टिकून मधाची व भाजलेल्या पावाची छटा सावकाश उमलते. मात्र या कोंडीत गंधकयुक्त संयुगांचा, आगकाडीसारखा वा रबरासारखा, दर्प उरण्याचा धोका असतो, व त्याचा बंदोबस्त बाटली भरण्यापूर्वीच करावा लागतो. झाकणाखाली वाइन परिपक्व होतच नाही, हा समज निराधार होय, कारण पक्वतेच्या अनेक क्रिया बाहेरच्या प्राणवायूवाचूनही चालतात. बोर्दोच्या नामांकित लाल वाइनचे मालक अद्याप बहुतांशी बुचाशीच इमान राखून आहेत, आणि त्यात रसायनाइतकाच रिवाजाचाही वाटा असावा.