दुष्काळांतील सोबत

पूर, वादळ, भूकंप हीं संकटें गर्जना करीत येतात आणि त्यांच्या मागोमाग मदतहि धांवून येते. दुष्काळाचें तसें नाहीं. तो पाऊल न वाजवितां येतो. घराचें छप्पर जागेवरच राहतें, पण विहिरीचा तळ दिसूं लागतो. अशा वेळीं बाहेरच्यांनीं मदत करावयाची ती कोणती, याचा धडा वऱ्हाडांत वरुड तालुक्यानें गिरविला आहे.

अमरावती जिल्ह्यांतील हा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेला व संत्र्याच्या बागांकरितां नांवाजलेला. विहिरी पुरेनात तेव्हां बोअर खोदले गेले. एकाचा आटला कीं शेजारी त्याहून खोल जाई. मुरणाऱ्या पाण्यापेक्षां उपसा अधिक झाला. त्यांतच २०१४ व २०१५ अशीं लागोपाठ दोन वर्षें पावसानें ओढ दिली, आणि पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेली बाग डोळ्यांदेखत वाळेल, ही धास्ती घरोघर बसली.

२०१६ सालीं पानी फाउंडेशन या संस्थेनें जलसंधारणाची स्पर्धा भरविली. तिच्याकरितां वरुड, कोरेगांव व अंबाजोगाई हे तीन तालुके निवडले गेले व त्यांतील ११६ गांवें स्पर्धेंत उतरलीं. संस्थेनें प्रथम दिली ती विद्या: काम माथ्याकडून पायथ्याकडे कसें न्यावें, समतल चर कसा आंखावा, बांधाचा सांडवा कोठें ठेवावा. मग २० एप्रिलपासून ४५ दिवस, ऐन वैशाखवणव्यांत, स्त्रीपुरुषांनीं कुदळ-फावडें हातीं धरलें. पहिलें बक्षीस सातारा जिल्ह्यांतील वेळू गांवास मिळालें. परंतु आपलें पाणी आपणच अडवावयाचें असतें, ही जाण हरलेल्या गांवांसहि लाभली.

तथापि एका गांवचें औषध दुसऱ्यास लागू पडेलच असें नाहीं. अमरावतीहून अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यांत उतरलें कीं खारपाणपट्टा लागतो. तेथें जमिनीखालचें पाणीच खारें. सातपुड्याच्या उतारावर पाणी जिरविणें हें पुण्य. येथें मात्र तें शेततळ्यांत, जमिनीवरच सांठवावें लागतें. म्हणून मदतीस जाणारानें आधीं माती पाहावी आणि गांवांतील वडीलधाऱ्यांस विचारावें.

खरी कसोटी तर पुढेंच आहे. ही स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. चर खोदतांना सारा गांव असतो. उपसतांना मात्र ज्याचा बोअर खोल त्याचेंच पाणी. जिच्या नांवावर गुंठाभरहि जमीन नाहीं, त्या मजूर बाईनेंहि घाम गाळलेला असतो. तिच्या घागरीचा वांटा कोणी राखावयाचा? पाऊस किती पडला, किती मुरला, कोणत्या पिकास किती द्यावयाचें, याचा हिशेब ग्रामसभेंत मांडला गेला पाहिजे. हा हिशेब बसेपर्यंत जी संस्था गांवाजवळ थांबते, तिचीच सोबत खरी. नुसता चर खोदून निघून जावें, तर दोन पावसाळ्यांत तो गाळानें भरतो.